ऐंशीपैकी एकोणीस

माझ्या आयुष्यावर ज्या माणसाचा सर्वांत खोल संस्कार झाला त्याच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. संस्कार झाला म्हणजे मी त्याच्यासारखा झालो, असं नाही. लस टोचल्यावर होतं तसं झालं. खरेपणाची सौम्य लागण झाली, दोन आठवडे अंग मोडून आलं, आणि त्यानंतर तो आजार मला पुन्हा झालेला नाही.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. सिडनीत कुणी कुणाला सर म्हणत नाही. विभागप्रमुख बाईंनासुद्धा पहिल्या नावाने हाक मारायची, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं होतं. ते न जमल्यामुळे आमच्यातले बरेच जण वर्षभर त्यांना कशानेच हाक मारत नव्हते. समोर जाऊन नुसते खाकरायचे. सरांच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही. जानेवारीच्या उन्हाळ्यात टाय आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालणाऱ्या, पंचविशीच्या पोरांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ते मूळचे सांगलीकडचे डॉक्टर. तरुणपणी सरकारी नोकरीत होते, मग इकडे आले. आमच्या युनिव्हर्सिटीत ते नऊ वर्षं शिकवत होते आणि नऊही वर्षं 'कॅज्युअल' होते. म्हणजे दर सेमिस्टरला नवं पत्र यायचं, आणि ते येईपर्यंत आपण शिक्षक आहोत की नाही हे त्यांना माहीत नसायचं. कुणी विचारलं, सर, पुढच्या सेमिस्टरला तुम्हीच ना, तर ते म्हणायचे, "पुरावा नाही."

विषयाचं नाव मोठं होतं: उपयोजित आरोग्यसेवा संशोधन. आजारांचा अभ्यास नव्हे. पेशंट किती वेळ बसून राहतो, त्याला कोण कुठे पाठवतं, पत्र वेळेवर का पोचत नाही, घरी गेल्यावर गोळ्या कोण समजावतं. थोडक्यात, इस्पितळात डॉक्टर सोडून बाकी जे काही घडतं त्याचा अभ्यास. तीस जणांसाठी बेतलेल्या या वर्गात आम्ही शंभराच्या वर होतो. ते दिवसच तसे होते. विमानं भरून विद्यार्थी येत होते आणि युनिव्हर्सिटी त्यांना तळघरातल्या खोल्यांत बसवत होती. निम्मा वर्ग भारतातले दंतवैद्य, होमिओपॅथ आणि फिजिओ. मला पुण्यातल्या एजंटने सांगितलं होतं, "डॉक्टर, हा घ्या. आकड्यांचा कोर्स आहे. रक्त बघायला लागत नाही." मी दंतवैद्य. रक्त बघायला माझी ना नव्हती, पण कर्वेनगरच्या माझ्या दवाखान्यात ते दाखवायला कुणी येत नव्हतं.

सरांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुठलंही विधान कानावर आलं की ते विचारायचे, "किती जणांना विचारलंत?" त्यात कुचेष्टा नसायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. इथली माणसं फार फ्रेंडली आहेत, असं कुणीतरी म्हणालं. किती जणांना विचारलंत? या ट्रेनला नेहमी गर्दी असते. किती दिवस मोजलंत? सिडनीतल्याच पॅरामॅटात आमच्या मराठी मंडळाचा गणपती असायचा. एका वर्षी समारोपाला अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदाचं जेवण सर्वांना अतिशय आवडलं आहे. सर तिसऱ्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. अध्यक्ष हसले. सर उभेच राहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "अहो, अंदाज आहे." "मग तसं म्हणा," असं म्हणून सर बसले. पुढच्या वर्षी त्यांना निमंत्रण गेलं नाही. ते तरीही आले, आणि जेवून बाहेर पडणाऱ्या लोकांना दारात उभं राहून विचारत राहिले. मठ्ठा खारट होता, असं बहुमत निघालं.

निबंध तपासताना ते पेन्सिल वापरायचे आणि शेरा लिहायचे नाहीत. जे वाक्य तुम्ही बाहेर जाऊन काही न बघता घरी बसल्या बसल्या लिहिलंय असं त्यांना वाटे, त्याच्यापुढे समासात ते एक छोटीशी खुर्ची काढायचे. चार पाय, एक पाठ, निगुतीने. 'बहुतांश रुग्ण समाधानी असतात': खुर्ची. 'संवादाचा अभाव हे मुख्य कारण आहे': खुर्ची. माझ्या पहिल्या निबंधावर एखाद्या मंगल कार्यालयाला पुरतील इतक्या खुर्च्या होत्या. मी तो घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, सर, हे सगळं मी पुस्तकांतून घेतलंय, शेवटी संदर्भ दिलेत. त्यांनी संदर्भांची यादी जवळ ओढली, शांतपणे वाचली, आणि तिच्यापुढेही एक खुर्ची काढली. जरा मोठी, हातांची.

विभागप्रमुख बाई त्यांना आपल्या विभागाचा ठेवा म्हणायच्या आणि कुठल्याही समितीवर घ्यायच्या नाहीत.

शेवटच्या सेमिस्टरला प्रकल्प होता. दोघादोघांच्या जोड्या. नेमून दिलेल्या इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात बसायचं, किमान ऐंशी पेशंटांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि त्यांना तिथे काय अनुभव आला यावर अहवाल लिहायचा. फॉर्मवर नाव नाही. पेशंटने तो भरून स्वतः बंद पेटीत टाकायचा. मी आणि माझा रूममेट प्रसाद, नाशिकचा फिजिओ, एका जोडीत होतो. इस्पितळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. दोन ट्रेन आणि एक बस.

हा विषय जाऊन चालणार नव्हतं. तो गेला असता तर कोर्स वेळेत संपला नसता; कोर्स वेळेत न संपता पुढचा व्हिसा नाही, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना तर दूरच; आणि व्हिसा नाही म्हणजे कर्वेनगरला परत. माझी आई तिथे अख्ख्या सोसायटीला सांगून बसली होती की मुलगा ऑस्ट्रेलियात संशोधन करतो. काय संशोधन करतो, हे तिने कधी विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटायचं.

अडचण अशी होती की आम्ही दोघंही म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये शिफ्टला जात होतो, आणि इस्पितळाच्या वेळा आणि शिफ्टच्या वेळा एकच होत्या. पहिल्या खेपेला तीन तास बसून एक फॉर्म मिळाला. तोही एका माणसाचं शब्दकोडं संपलं होतं आणि पेन हातातच होतं म्हणून. तो फॉर्म परत येताना बसमध्ये राहिला. ट्रेनमध्ये प्रसाद म्हणाला, "या स्पीडने पीआर सोड, आपण डायरेक्ट पेन्शनला पोचू." मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत, "पेशंट आपल्याला काय कमी माहितीयत का रे? आयुष्यभर दुसरं काय बघितलं?"

हे इतकं पटण्यासारखं होतं की त्यावर आम्ही आणखी बोललोच नाही. दोन रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही ऐंशी ऑस्ट्रेलियन माणसं तयार केली. मन लावून केली, हे सांगितलं पाहिजे. चार रंगांची पेनं घेतली. म्हाताऱ्यांचे फॉर्म प्रसाद डाव्या हाताने भरायचा. काहींना आम्ही चिडकं केलं, काहींना समंजस. याचं स्पेलिंग चुकव, हिला जरा कृतज्ञ कर, असं चाललं होतं. एका बाईंचा फॉर्म लिहून झाल्यावर प्रसाद थांबला आणि म्हणाला, "हिचं काय होईल रे पुढे?" मी म्हणालो, तीन महिन्यांनी बोलावलंय तिला. दोन वर्षांच्या शिक्षणात इतक्या तन्मयतेने केलेला दुसरा अभ्यास मला आठवत नाही.

फॉर्म सरांकडे गेले. आठवड्याने निरोप आला की भेटायला या, पण विभागात नको, इस्पितळात. प्रसादची शिफ्ट होती, किंवा आहे असं तो म्हणाला. मी एकटा गेलो. बाह्यरुग्ण विभागातल्या निळ्या खुर्च्यांच्या रांगेत सर बसले होते, मांडीवर आमचा गठ्ठा. मी वरूनच पाहिलं. एकाही फॉर्मवर पेन्सिल लागलेली नव्हती.

"चांगले भरलेत," ते म्हणाले. "दोनदा वाचले मी. अक्षरं तर फारच छान."

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो.

"ऐंशी पेशंट. आणि यातला एकही गाडीने आलेला नाही."

मला कळेना ते काय म्हणतायत.

"पार्किंगविषयी कुणाचं एक अक्षर नाही. तुम्ही एक दुपार जरी इथे कान उघडे ठेवून बसला असतात ना, तरी तेच ऐकलं असतंत. डॉक्टर-बिक्टर नंतर. आणि हे बघा. यातल्या जवळजवळ सगळ्यांबरोबर नातेवाईक आहेत. कुणाकुणाबरोबर दोन दोन." त्यांनी गठ्ठा नीट जुळवला. "हे पेशंट तुमच्या कर्वेनगरचे आहेत. विमानाने आणलेत तुम्ही त्यांना."

नातेवाइकांना बसायला जागा नाही, ही आमच्या पेशंटांची मुख्य तक्रार होती. मी मान वर करून खोलीभर पाहिलं. वीसेक माणसं होती. प्रत्येक जण एकटा, मध्ये एकेक खुर्ची सोडून बसलेला, आणि बहुतेकांच्या हातात गाडीची किल्ली. माझ्याकडे गाडी नव्हती. प्रसादकडे नव्हती. आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हती. इस्पितळ म्हणजे बसस्टॉपनंतर येणारी इमारत, एवढीच आमची समजूत. गाडी लावायला जागा मिळत नाही हे दुःख आम्हाला सुचलंच नव्हतं.

मग सरांनी नियम सांगितला, जो मला माहीत होता. असं काही आढळलं की वर कळवायचं. कळवलं की विषय जातो. "त्यापुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," ते म्हणाले. "मुदत दोन आठवड्यांनी आहे. मुदतीआधी आलेला गठ्ठा हा मसुदा धरायचा, असं नियमांतच आहे. मी काल शोधून काढलं. मसुद्यावर कळवायचं नसतं. तेव्हा आता खरे आणा. मिळतील तितके."

आणि ते दोन आठवडे ते स्वतः तिथे येऊन बसले. दोन मंगळवारी त्यांचा वर्ग होता, ते सोडून रोज. मला मदत करायला नव्हे. तीन खुर्च्या सोडून बसायचे, दुपारी डबा उघडून पोळीभाजी खायचे आणि लोकांकडे बघायचे. कुणी फॉर्म पेटीत टाकला की वहीत एक रेघ ओढायचे. फॉर्म त्यांनी पाहिले नाहीत, फक्त मोजले. मी शिफ्टा सोडल्या. प्रसाद एक दिवस आला, दुपारपर्यंत बसला आणि म्हणाला की तुम्हा दोघांचं छान चाललंय, मी उगीच मध्ये कशाला.

लोक मला लांबून ओळखायला लागले होते. मी फॉर्म घेऊन निघालो की फोन कानाला लावायचे. काही जण 'सॉरी मेट' म्हणायचे, काही जण घ्यायचे आणि खुर्चीवर ठेवून आत जायचे. एका बाईंनी गाडी लांबच्या दुकानांपाशी लावली होती आणि तिथून चढ चढून त्या चालत आल्या होत्या. आल्या होत्या गुडघा दाखवायला. एका उंच, सत्तरीच्या माणसाने सगळ्या प्रश्नांपुढे 'ओके' असं लिहिलं. वेळ किती लागला? ओके. कर्मचाऱ्यांची वागणूक? ओके. आणखी काही सांगायचं आहे? ओके. फॉर्म पेटीत टाकून तो परत आला, माझ्या शेजारी बसला आणि आपण होऊन बोलायला लागला. बायको याच इस्पितळात होती. लवकर या, असा फोन आला तेव्हा तो दहा मिनिटांत इथे पोचला होता. मग बावीस मिनिटं गाडी घेऊन पार्किंगच्या या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत होता. "दारातच सोडून द्यायला हवी होती गाडी," तो म्हणाला. "पण तिथे लावू नका असं लिहिलेलं होतं." त्याचा नंबर पुकारला गेला आणि तो गेला.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी रेघ ओढलेली होती.

त्याच दिवशी, की दुसऱ्या, डबा बंद करता करता सरांनी मला त्यांच्या पहिल्या नोकरीची हकीकत सांगितली. वर्गात त्यांनी ती कधी सांगितली नव्हती. एका डोंगराळ तालुक्यात आरोग्य केंद्रावर होते. मलेरियाच्या तपासणीसाठी दरमहा ठरावीक संख्येने रक्ताच्या काचा पाठवाव्या लागत. गावोगाव फिरायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा. त्यांच्या हाताखालचा एक कर्मचारी फार तत्पर होता. त्याच्या काचा नेहमी वेळेत आणि नेहमी पूर्ण. सर सही करायचे. पुढे कधीतरी उघडकीला आलं की पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाड्यांवर जाणं नको म्हणून तो स्वतःच्याच बोटाचं रक्त सगळ्या काचांवर घेत होता.

"त्याला मलेरिया नव्हता," सर म्हणाले. "म्हणून सात वाड्यांना मलेरिया नव्हता."

मी विचारलं, किती जण गेले?

"कुणी मोजले नाहीत." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "मीही नाही."

दोन आठवडे संपले तेव्हा त्यांच्या वहीत एकोणीस रेघा होत्या. पेटीत एकोणीस फॉर्म; दोन्ही मंगळवारी एकही आला नव्हता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर मी ते दोनदा मोजले. त्यांनी मोजू दिले.

"एकोणीस द्या," ते म्हणाले. "एकोणीसच का, तेही लिहा. मी याला पास करीन. पण ऐंशीच्या खाली आलं की अहवाल बाईंकडे जातो, आणि त्यांचा निर्णय शेवटचा."

"पण मी होईन ना पास?"

"माहीत नाही."

"सर, नुसतं म्हणा ना, होईल म्हणून."

त्यांनी विचार केला. खरोखर केला, मला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाले, "माझ्या काळात असे तीन अहवाल वर गेले. त्यातले दोन नापास झाले. पण तीनवरून काही सांगता येत नाही."

मला पुष्कळदा वाटतं की त्या संध्याकाळी ते एवढंसं खोटं बोलले असते तर मी एकोणीस दिले असते. ही सबब आहे हे मला कळतं. पण एखाद्या माणसाजवळ दोन आठवडे बसावं, त्याच्यासारखं व्हावंसं वाटू लागावं, आणि ऐन वेळी त्याने तुम्हाला धरायला काहीच देऊ नये, याचा राग येतो. मी तो राग घेऊन घरी गेलो. प्रसाद भाजी चिरत होता. त्याने आकडा विचारला, मी सांगितला. त्याने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि चार रंगांची पेनं आणली.

या वेळी आम्हाला ऐंशी लिहायचे नव्हते. एकसष्टच. आणि या वेळी आमच्या पेशंटांकडे गाड्या होत्या. ते एकटे यायचे, दोन तास आधी यायचे, जागा धरून गाडीतच डोळे मिटून पडायचे. गुडघेवाल्या बाईंचे मी तीन फॉर्म केले, एक कंबर, एक टाच, एक दमा. नातेवाईक सगळे घरी ठेवले. आणि बावीस मिनिटं मजल्यामजल्यांवर फिरणारा तो माणूस मी एका फॉर्मवर सविस्तर लिहिला, शेवटच्या वाक्यासकट. त्याने स्वतः ते लिहिलं नव्हतं, आणि ते वाया जाऊ नये असं मला वाटलं. तेव्हा तरी मी स्वतःला तसं सांगितलं.

अहवाल दिला, आणि चार दिवसांनी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. सर आधीच बसलेले होते. बाई फार चांगल्या होत्या. टेबलावर कागदी रुमालांचा डबा माझ्या बाजूला सरकवलेला होता. सर म्हणाले, मी एकोणीस माणसं मोजली आहेत. बाईंनी विचारलं, तुम्ही पूर्ण वेळ तिथे होतात? सर म्हणाले, दोन मंगळवार नव्हतो. म्हणजे त्या दोन दिवसांत बाकीचे भरून झाले असू शकतात? सरांनी पुन्हा विचार केला. अशक्य आहे असं मी सिद्ध करू शकत नाही, ते म्हणाले.

पहिल्या गठ्ठ्याविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. तो मसुदा होता.

बाई माझ्याकडे वळल्या. हे सगळे फॉर्म तू पेशंटांकडून घेतलेस ना? मी हो म्हणालो. परक्या भाषेत खोटं बोलणं सोपं जातं म्हणतात. मला फरक जाणवला नाही. "नो वरीज," बाई म्हणाल्या आणि उठल्या. सर्वांनाच सुटल्यासारखं झालं असावं. सर रुमालांच्या डब्याकडे बघत होते.

आम्ही पास झालो. दुसऱ्या परीक्षकांनी लिहिलं की या विद्यार्थ्यांनी रुग्णांचा आवाज विलक्षण ताकदीने पकडला आहे, आणि उदाहरण म्हणून गाडी दारात सोडून द्यायला हवी होती हे वाक्य अवतरणात दिलं. सरांना पुढच्या सेमिस्टरचं पत्र आलं नाही. त्याचं कारण आमचं प्रकरण होतं असं मी म्हणणार नाही. पुरावा नाही.

ते मला एकदाच भेटले, विभागाच्या कॉरिडॉरमध्ये, पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून. मी बाजूला होणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. तोंडावर रागाचा लवलेश नव्हता. काहीतरी अडलेलं विचारायचं असावं तसे जवळ आले.

"मी तुमचे ऐंशी पुन्हा वाचले. एकोणीस वेगळे निघतात का, बघत होतो."

"निघाले?"

"तो बायको वारलेला मनुष्य, पार्किंगचा. तो मी सर्वांत आधी खऱ्यांत ठेवला."

मला तिथे काहीतरी खरं बोलावंसं वाटलं. म्हणालो, "तो खरा होता, सर. त्याने माझ्याजवळ बसून सांगितलं ते. फॉर्म मी लिहिला."

"मग त्याचा स्वतःचा कुठला?"

"सगळीकडे 'ओके' लिहिलेला."

त्यांनी खोका एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "तो मी खोट्यांत टाकला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, कंटाळा करून भरलाय तुम्ही." मग, "बरंच शिकलात." ते टोमणा मारत असते तर मला उत्तर देता आलं असतं. पण त्यांना टोमणा मारता येत नसे. ते निरीक्षण होतं. लिफ्ट आली आणि ते गेले.

पुढे ते मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीला, मुलीकडे राहायला गेले. मंडळातल्या कुणाकडून तरी नंबर मिळवून मी काही वर्षांनी एकदा फोन केला. तोवर मला पीआर मिळाली होती. फोन मुलीने घेतला. बाबा झोपलेत, म्हणाली. मागे नातू इंग्रजीत काहीतरी ओरडत होता. मी विचारलं, कसे आहेत? बरे आहेत, शांत असतात, ती म्हणाली. "आधी किती डोकं खायचे सगळ्यांचं, आठवतं ना? हे कुणी सांगितलं, ते कुणी मोजलं. आता काही म्हणजे काही विचारत नाहीत. आपण सांगू त्याला हो म्हणतात." तिला ते सुख वाटत होतं, आणि तिच्या जागी मलाही वाटलं असतं. मी पुन्हा फोन करीन म्हणालो आणि केला नाही. एखाद्या माणसाचा शेवटचा प्रश्न आपल्यापाशी येऊन संपला, असं मनात येतं तेव्हा मी स्वतःला समजावतो की हे फार मोठं बोलणं झालं. वय झालं की माणसं गप्प होतातच. पण असं किती माणसांचं पाहिलं, हे मला सांगता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. सर विभागातून गेले त्या सेमिस्टरला विद्यार्थी आणखी वाढले आणि शिकवायला माणसं मिळेनात. बाईंनी मला बोलावून सरांचा विषय घेशील का असं विचारलं, कॅज्युअल, तासावर. नव्या व्हिसात ते बसत होतं. मी हो म्हणालो. पहिलं व्याख्यान संशोधनातल्या सचोटीवर होतं. ते मी आठवडाभर तयार केलं, आणि बोलताना माझं मलाच ते पटत गेलं. तास संपल्यावर तंत्रज्ञ वायर गुंडाळायला आला आणि म्हणाला की माइक चालूच झाला नव्हता, सहाव्या रांगेच्या मागे काही ऐकू गेलं नसणार. हॉल बावीस रांगांचा होता. हजेरी पूर्ण होती.